कडी नसलेली शाळा

शिरूर ते दौंड ह्या रस्त्याला माझ्याइतकी सांभाळून शाळेची गाडी हाकनारा ड्रायव्हर दुसरा न्हाई. दुसरा नसायचं कारन आसं, की असल्या शाळेची गाडी त्या रस्त्याला एकच हाय, आन् ती जोरात हाकायची म्हनली तरी पळत न्हाई.

मी तिसरीत शाळा सोडली. सोडली म्हंजी, मास्तरच म्हनले, बस कर आता, तुलाबी तरास आन् आमालाबी. आन् आता केस पिकले तरी रोज सकाळी शाळेत जातोय. बायको म्हनती, "मागचा अभ्यास राहिला व्हता, तो फेडताय."

ज्या लेकरांना साध्या शाळेत घेत न्हाईत, आन् घेतलं तर मागच्या भिंतीला नेऊन बसवत्यात, त्यांची ही शाळा. रस्त्याच्या कडंला जुनी पोल्ट्री व्हती, तीच झाडूनपुसून बाईंनी शाळा केली. आजूनबी कडक ऊन पडलं की कोंबड्यांचा वास येतो. नवीन मानसं नाकाला रुमाल लावत्यात, आन् बाई लगेच त्यांच्याकडं बघून ठेवायच्या.

बाई म्हंजी आमच्या मुख्याध्यापिका. दौंडच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेल्या. उंच, हाडकुळ्या, काखेत पिशवी. त्यांचा कुनावरच भरोसा न्हवता. मानसांवर तर न्हाईच, पन देवळात गेल्या तरी चपला पिशवीत घालून आत न्यायच्या. मी म्हनलं, "बाई, देवाच्या दारात कोन चोरतंय?" तर म्हनल्या, "देवाच्या दारातच चोरतात. बाहेर माणूस चपलेकडे लक्ष ठेवतो."

मला त्यांनी ठेवला तो किस्सा सांगतो. मी कुरकुंभला एका ठेकेदाराकडं व्हतो. केमिकलच्या रिकाम्या ड्रमांमागं झोपलो. सायबानं येऊन हलवलं तर मला वाटलं बायकोच हाय, मी डोळे न उघडता चहा मागितला. त्यानं गेटपास परत मागितला. तवा बिनकामाचा फिरत असताना कळलं की शाळेला ड्रायव्हर पायजे.

माझ्या आधी एक कडक इस्त्रीचा पोरगा बसला व्हता. तो म्हनला, "मॅडम, मला या लेकरांची सेवा करायची आहे."

बाई म्हनल्या, "घरी आईची करतोस का?"

पोरगं खाली बघायला लागलं. बाई म्हनल्या, "जा. आधी तिथला अनुभव घेऊन ये."

मग मी. "आधीचं काम का सुटलं?"

"झोपलो व्हतो."

"खोटं बोलतोस. इतकं खरं कुणी बोलत नाही."

"न्हाई वो बाई, आईशप्पथ झोपलो व्हतो."

त्यांनी माझ्यासमोर ठेकेदाराला फोन लावला. तो फोनवर मला जे बोलला ते टेबलाच्या ह्या बाजूलासुदिक ऐकू आलं. बाईंनी शांतपनं ऐकलं, फोन ठिवला आन् पहिल्यांदा हसल्या. "खरंच झोपला होतास. ये उद्यापासून. गाडीत झोपलास तर तुझ्या बायकोला सांगीन." ठेकेदारापरीस ह्ये जास्त लागलं.

लेकरांचं हागनंमुतनं, खानंपिनं बघायला जी बाई लागती, तिला मदतनीस म्हनत्यात. ती जागा आमच्याकडं कायम रिकामी. कारन बाईंची परीक्षा. इच्छुक बाई आली की चहापानी न्हाई, बोलनं न्हाई, एखाद्या ओल्या चड्डीतल्या लेकराकडं बोट दाखवायच्या आन् म्हनायच्या, "हं." बस. कुनी आधी इकडंतिकडं बघायचं की कोन बघतंय का. ती नापास. कुनी लेकराला "अले अले" करायचं. ती तर फाटकाच्या भाईर. एकदा एकीनं नाक मुरडलं, मी म्हनलं गेली ही. तर बाई म्हनल्या, "नाक मुरडलं तरी चालेल. हात थांबता कामा नये." ती टिकली. पन पुढं तिच्या नवऱ्याची बदली झाली आन् तीबी गेली.

मी लय दिवस माझ्या बायकोचं नाव पुढं करत व्हतो. बाई म्हनल्या, "नवरा-बायको एका शाळेत नकोत. एकमेकांचं झाकतील."

मी म्हनलं, "बाई, माझी बायको माझं कायबी झाकत न्हाई. अख्ख्या आळीला सांगत फिरती."

"मग तिला बोलावू. तुला काढू?"

मी तो विषय सोडला.

आता कड्यांचं. शाळेतल्या समद्या दारांच्या कड्या बाईंनी स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन काढल्या व्हत्या. वर्गाच्या, स्वयंपाकघराच्या, हापिसाच्या. कुठंबी दार आतनं लावता येनार न्हाई. "बंद दाराआड मुलाचं काही चांगलं होतं हे मी अजून पाहिलेलं नाही," म्हनायच्या. बरं, लेकरांचं ठीक हाय. पन संडासाचीबी कडी काढली. आमी स्टाफनं इचारलं, मग आमी काय करायचं? तर म्हनल्या, "आत असाल तर गा."

तवापास्नं आमच्या शाळेत संडासातनं गानी येत्यात. धाकट्या मॅडम, म्हंजी लातूरकडनं आलेली तरनी मास्तरीन, ती प्रार्थना म्हनायची. बाई सोता पाढे म्हनायच्या, त्येबी रागात. मला गानं येत न्हाई, पाढे त्याहून न्हाई. मी यश्टीच्या कंडक्टरवानी गावं वरडायचो, "चला न्हावरा, इनामगाव, मांडवगन, दौंड!" एकदा खरंच एक म्हातारी फाटकातनं आत आली, पिशवी घेऊन, दौंडला जायला. तिची समजूत काढायला मला अर्ध्यातनं उठावं लागलं.

गावात बाईंबद्दल काय काय बोलायचे. टपरीवर एक म्हनायचा, बाई पोरांच्या नावावर अनुदान खाती. दुसरा म्हनायचा, भाईरच्या देशातनं पैका येतो. मी दोघांच्या मधी बसून दोघांनाबी व्हय म्हनायचो, कारन चहा ते पाजायचे.

आन् खरं सांगायचं तर मलाबी संशय यायचा. रविवारची सुट्टी आसली की बाई मला गाडी काढायला लावायच्या आन् गावोगाव फिरायचं. काम सांगायच्या न्हाईत. "हळू चालव" एवढंच. कुनाच्या घरात जायच्या न्हाईत, नुसत्या परसाकडं बघायच्या. वाळत घातलेली धुनी बघायच्या. मी म्हनलं, ही बाई लुगडी चोरनाऱ्यांच्या टोळीत तर न्हाई? ह्यात आपुन ड्रायव्हर म्हनून आत जानार. आत गेल्यावर तितं तरी कड्या आसत्याल, एवढाच दिलासा.

मग एकदा कळलं. बाई धुन्यात मोठाली लंगोटं हुडकत व्हत्या. घरात तान्हं न्हाई, पाळना न्हाई, आन् दोरीवर हातभर लंगोटं हायत, म्हंजी त्या घरात एक मोठं लेकरू हाय आन् ते कुनाला दिसू देत न्हाईत. आमच्या शाळेतली निम्मी लेकरं बाईंनी आशी दोरीवरनं काढली. आईबापाला इचारलं तर ते देवाची शप्पथ घेऊन न्हाई म्हनायचे. "माणूस खोटं बोलतो," बाई म्हनायच्या, "दोरीला तेवढी अक्कल नसते."

त्या वर्सी आमचा पट कमी पडला. एक लेकरू आईबापाबरुबर दुसऱ्या जिल्ह्यात गेलं आन् एकाची कमी आली. सरकारचं गनित आसं, की पट भरला तर मास्तरची जागा, न्हाई भरला तर जागा गेली. म्हंजी धाकट्या मॅडम घरी जानार. आन् त्यांनी नुकतंच एका पोराला चमचा धरायला शिकवलं व्हतं. तो दुसऱ्या कुनापुढं चमचा धरायलाच तयार न्हवता. जिल्ह्याचं पथक तपासनीला येनार व्हतं. समदे काळजीत.

मी म्हनलं, आपुन काय तरी करू. माझा भाचा हाय, चौथीत दोनदा बसलेला, वांड. त्याला शिकवला, "गप बसायचं, कायबी इचारलं तरी वर बघायचं," आन् आनला. बाईंनी त्याला समोर उभा केला. म्हनल्या, "तुला इथं कशाला आणलं?" भाचा म्हनला, "मामानं बुद्धू व्हायला सांगितलंय." बाईंनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन् म्हनल्या, "हा हुशार आहे, याला घरी सोड. आणि परत आलास की तू वर्गात बस. तुझं नाव चालेल का ते विचारते."

मग न्हावऱ्याचं घर सापडलं. सापडलं म्हंजी, गावाच्या अलीकडं उसाच्या कडंला स्लॅबचा बंगला, दारात ट्रॅक्टर, बुलेट. बाई म्हनल्या, "थांब." मी म्हनलं, "बाई, ह्यो सोसायटीच्या चेरमनाचा बंगला हाय. इथं नगा. इथं माझी चुलती ऊस खुरपायला येती." बाई उतरल्याबी व्हत्या.

वट्यावर आप्पा बसले व्हते. तेच चेरमन. पांढरी टोपी, पुढ्यात पेपर. "या. चहा सांगू?"

बाई कुठल्याच घरी चहा घ्यायच्या न्हाईत. म्हनल्या, "आधी मुलीला भेटू द्या."

"कंची मुलगी? आमच्या नातीची सोयरीक चाललीय, ती शिरूरला कॉलेजला गेलीय."

"ती नाही. दुसरी."

"दुसरी न्हाई आमच्यात."

बाईंनी परसाकडं बोट केलं. "मग ती कापडं कुणाची?"

आप्पांनी वळून बघितलंसुदिक न्हाई. "म्हशी पुसायची फडकी हायत ती."

"म्हशीला नाड्या बांधता?"

मला हसू फुटलं. मी खोकल्याचं सोंग केलं तर खरंच ठसका लागला, आन् त्याच बंगल्यातनं पानी मागायची पाळी आली. पानी घेऊन जी बाई भाईर आली ती ह्या घराची सून. चाळिशीच्या आतली. तांब्या माझ्या हातात दिला, पन डोळं बाईंवर. मोकळ्या रानात सरडा मानसाकडं बघतो ना, अंग न हलवता, तशी.

आप्पांचा आवाज चढला. "हे बघा बाई, मला समदं ठावं हाय. तुमचा पट भरंना. तपासनी आलीय. म्हनून तुमी दारोदार फिरताय. आमच्या घरातलं मानूस तुमच्या नोकरीसाठी पायजे तुमाला. व्हय का न्हाई?"

मला वाटलं बाई आता सेवाबिवा काय तरी म्हनत्याल. कुनीबी म्हनलं आसतं.

बाई म्हनल्या, "हो. एक मूल कमी आहे. ते भरलं नाही तर माझी एक शिक्षिका जाते. म्हणून आज आले. भरलं असतं तर पुढच्या महिन्यात आले असते. पण आलेच असते."

आप्पांनी पेपर उचलला, त्योबी उलटा. आमी निघालो. गाडीत बसताना मी म्हनलं, "बाई, हितं थोडं गोड बोलला आसता तर?"

"गोड बोललेलं त्या सुनेनं लगेच ओळखलं असतं."

"सुनेचं काय? नकार तर आप्पांनी दिला."

"अरे, ऐकत कोण होतं ते बघितलंस का?"

मी पानी पीत व्हतो. मी काय बघितलं न्हाई.

चार-पाच दिस गेले. एका सकाळी मी फाटक उघडतोय तर यश्टीतनं ती सून उतरली. एकटी. तोंडाला वडनी गुंडाळलेली. बाईंना म्हनली, "मी बघायला आलेय."

बाईंनी एक स्टूल दिलं. "बघा." आन् आपल्या कामाला लागल्या. चहा न्हाई, माहिती न्हाई.

ती बाई दिसभर बसली. आशी बसली की आमाला समद्यांना आपुन काय तरी गुन्हा केलाय आसं वाटायला लागलं. उठून एकेक दार हलवून बघितलं. मला इचारलं, "कड्या कुठं गेल्या?"

मी तिला कड्यांचं सांगितलं. कुठंबी बंद दार नगं म्हनून काढल्यात, म्हनलं. ती त्या दाराच्या भोकांवर बोट फिरवत उभी राहिली, लय येळ. संडासातनं धाकट्या मॅडमची प्रार्थना सुरू झाली तवा दचकली. तेबी सांगितलं. तर वडनीच्या आत हसल्यासारखं वाटलं.

मी म्हनलं, चला, गाडी रुळावर आली. मी म्हनलं, "वैनी, च्या आनू का? आपली शाळा म्हंजी एक कुटुंब हाय बघा."

"तुमी एवढं गोड कशापायी बोलताय?"

"न्हाई, आपलं सहज..."

"तुमी गाडी चालवता ना? लेकरं तुमच्या ताब्यात आसत्यात?"

"व्हय."

"मग गाडी दाखवा." तिनं सीटखाली वाकून बघितलं. दारं उघडून-लावून बघितली. माझं लायसन मागितलं. आजवर पोलिसानं मागितलं न्हवतं, कारन त्याला गाडीचाच कळवळा यायचा. फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हनली, "ह्यात तरी मानूस बरा दिसतोय."

ती दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्या दिवशीबी. दर बारीला एकटी. धाकट्या मॅडमनी तर पिशवी भरायला घेतली, पथक उद्या-परवा येनार. मी बाईंना म्हनलं, "अवो, आता तिला म्हना ना, पोरगी आन म्हनून. रोज येऊन आमाला तुरुंगातल्यावानी बघून जाती."

बाई म्हनल्या, "जी आई मूल द्यायला घाई करते, तिची मला भीती वाटते. ही घाई करत नाही. बसू दे."

"पन मॅडमची जागा?"

बाईंचा चेहरा उतरलेला मी तेवढाच एकदा बघितला. पन त्या उठून बोलवायला गेल्या न्हाईत. स्टुलापशी पान्याचा तांब्या तेवढा नेऊन ठिवला.

पथक आलं त्या दिवशी सकाळीच यश्टी थांबली आन् वैनी उतरली. ह्या बारीला वडनी न्हवती. कडंवर पोरगी. दहा-अकराची, लांब पायाची, कडंवरनं पाय लोंबत व्हते. वेनी घट्ट घातलेली, डोळ्यात काजळ. पोरगी बोलत न्हाई, नुसता आवाज काढती, आन् एक पाय वढती. पन तिचं डोळं! आईचंच. आल्या आल्या समद्यांकडं एकेक करून आसं बघितलं, की पथकाच्या आधी तिनंच तपासनी केली.

घरी काय झालं, ते नंतर वैनीनं धाकट्या मॅडमला सांगितलं, तवा मला कळलं. आप्पा म्हनले व्हते, पोरगी उंबऱ्याभाईर गेली तर थोरल्या नातीची सोयरीक मोडल. तर थोरलीच म्हनली, "मोडू द्या. मला तिथं जाऊन रोज खोटं बोलायचं न्हाई." सोयरीक मोडलीच. आप्पा आजून बाईंचं नाव निघालं की उठून गोठ्यात जात्यात.

पथकात एक सायब आन् एक मॅडम. पोरगी बघितली, कागद बघितलं, पट भरला. मग सायब वैनीकडं बघून म्हनले, "या कोण? स्टाफ का? तुमच्याकडं मदतनीसाची जागा रिकामी दिसतीय. तीपण अडचण आहे बरं का."

दुसरं कुनी आसतं तर पटकन व्हय म्हनून मोकळं झालं आसतं. मी तर मान हलवलीबी व्हती. बाई म्हनल्या, "स्टाफ नाहीत. थांबा, विचारते." आन् तिथंच, सायबाच्या पुढ्यात, वैनीला म्हनल्या, "राहता का? मला कुणावर भरवसा न ठेवणारी बाई हवीय. मी एकटी पुरत नाही."

वैनीनं थोडा इचार केला. मग म्हनली, "पगाराचं मागनं बोलू. आधी मला सांगा, ह्या ड्रायवरला कुनी ठिवलंय?"

सायब हसले. बाई न्हाई हसल्या. म्हनल्या, "मी. चूक असेल तर सांगा, बदलू."

तवापास्नं दोघी झाल्या. आधी एकीचे डोळे पाठीवर आसायचे, आता दोन बाजूंनी. बाई फाटकात लेकरांची डोकी हुंगायच्या, आंघूळ घातली का न्हाई ते बघायला. वैनी तीच डोकी परत हुंगायची, बाईंनी नीट हुंगलं का ते बघायला. आन् बाईंना त्याचा राग यायचा न्हाई. उलट खूश. मला म्हनल्या, "आता मी मेले तरी चालेल." पन मेल्या न्हाईत. आता रिटायर होऊन दौंडला भावाकडं असत्यात, आन् भाऊ मला फोन करून इचारतो की घरातल्या कड्या काढायचं खूळ हिला कुठनं लागलं.

बाई शाळेत व्हत्या तवाचीच गोष्ट. वैनी रोज पोरीला घेऊन माझ्याच गाडीत यायची. मागच्या सीटवर बसायची, पोरीला खिडकीपाशी घ्यायची, आन् सबंध रस्ता आरशातनं माझ्याकडं बघायची. मी जोक सांगायचो. ती म्हनायची, "पुढं बघा." वर्सभर आमच्यात एवढंच बोलनं.

मग एका सकाळी न्हावऱ्याच्या फाट्यावर ती सोता गाडीत बसंना. थोरलीची दुसरी सोयरीक जुळली व्हती, आन् तिला बस्त्याला शिरूरला जायचं व्हतं. तिनं पोरीला गाडीत बसवलं, बरुबर माझ्या मागं, पट्टा लावला, पोरीच्या कानात काय तरी लय येळ सांगितलं. आन् मला म्हनली, "जावा."

मला सांगता येत न्हाई मला काय झालं ते. ज्या बाईनं पोरगी अकरा वर्सं कुनाला दाखवली न्हाई, तिनं माझ्या हवाली केली! छाती आशी फुगली की हॉर्नला लागत व्हती. पुढं टपरी आली. माझा रोजचा मित्र हात करत व्हता. मी म्हनलं, एक घोट, गाडी चालूच ठेवतो. गाडी जरा हळू केली, तर मागनं पोरगी आशी किंचाळली की टपरीवाल्याच्या हातनं गाळनं पडलं. मी गाडी तशीच पुढं काढली. ती गप. मला वाटलं, पोरीला चालती गाडी आवडतीय. पुढं मोबाईल वाजला, मी खिशात हात घातला, परत किंचाळी, आन् सीटवर दनादन बुक्क्या. मी हात काढला. गप. मला वाटलं, खेळतीय माझ्यासंगं. मी अख्ख्या रस्त्यानं हसत आलो.

शाळेच्या फाटकात बाई उभ्या. मी पट्टा सोडून पोरीला खाली घेतलं आन् म्हनलं, "बघितलं का बाई? एकटी पाठवली! वर्सभर आरशातनं बघून बघून शेवटी इश्वास बसला माझ्यावर."

पोरीनं बाईंचा हात धरला आन् माझ्याकडं बघून एक मोठा सुस्कारा टाकला, शिफ्ट संपल्यावर कामगार टाकतो तसा.

बाई म्हनल्या, "तुझ्यावर नाही रे. तिचा विश्वास पोरीवर बसलाय. तुझ्यावर लक्ष ठेवायला पाठवलंय तिला."